भिंतीचा कान

भिंतींना कान असतात म्हणे.
आमच्या भिंतीला एकच आहे,
पांढरा, साबणाच्या वडीएवढा,
पाळण्याच्या वर चिकटवलेला.
ती रडली की तो ऐकतो
आणि माझ्या उशाशी दिवा लागतो, विझतो, लागतो, विझतो.
रात्री तार्तूच्या पुलावरून कुणी आमच्या खिडकीकडे पाहिलं
तर त्याला वाटेल,
या घरातून कुणी जहाजांना बोलावतंय.

पहिल्या आठवड्यात तो कशालाही लागायचा.
रुग्णवाहिकेला. शेजारच्यांच्या ड्रिलला.
रेइनच्या शिंकेला.
मी धावत जाऊन वाकायची
तर ही गाढ झोपलेली,
दोन्ही मुठी कानांपाशी,
जणू आमचाच गोंगाट तिला सोसवत नाहीये.

त्या मुठींवरूनच तिला खुणेचं नाव दिलं:
बंद मूठ, कानाच्या पाळीखाली, दोनदा टेकवायची.
कागदावरचं नाव अजून ठरत नाही.
सासूबाई रोज एक लिहून पाठवतात,
काल लीवी, आज हेल्मे,
रेइन आरशासमोर ओठांवर घोळवून बघतो
आणि मान हलवतो.

इस्पितळाची चिठ्ठी फ्रिजवर लावलीय.
डावा कान ठीक. उजवा कान ठीक.
रेइनला आनंद झाला. मलाही झाला.
पण त्याच्या आधी, अगदी क्षणभर, वाटलं
पाच दिवसांची नाही तोच परदेशी निघाली
आणि आम्हाला तिथला व्हिसा मिळायचा नाही.
हे मी त्याला सांगितलेलं नाही.
तेव्हा माझे हात लंगोट पिळत होते.

तशीही ती कडेवर असली
की एकाच हातानं बोलावं लागतं.
वाक्यं अर्धी राहतात,
भांडणंही.

सुईण हेइली मंगळवारी येते.
वजन करते, टाळू चाचपते,
वहीत लिहून दाखवते:
पहिले काही आठवडे बाळांना आसवं येत नाहीत.
म्हणजे आवाज भिंतीकडे गेलेला
आणि पाणी अजून आलेलं नाही.
माझ्या वाट्याला उरतं
लाल होत जाणारं कपाळ,
तोंडात थरथरणारी जीभ,
आणि छातीशी धरलं की बरगड्यांत घुमणारं काहीतरी,
भरल्या पिंपावर थाप मारावी तसं.

फेब्रुवारीत एका रात्री बर्फानं तारा तुटल्या.
रेइन पावाच्या कारखान्यात, रात्रपाळीला.
भिंत बहिरी झाली
आणि मी झोपून राहिले.
आईला आतून कळतं म्हणतात.
मला कळलं नाही.

वरच्या मजल्यावरच्या वाइके,
ज्यांच्या नावाचा अर्थच शांत,
त्यांच्याकडे आमची जादा किल्ली असते.
नाइटगाऊनवर कोट, हातात टॉर्च,
त्यांनी माझा पाय हलवला.
टॉर्च स्वतःच्या ओठांवर धरून म्हणाल्या,
अर्धा तास.
काही हरकत नाही, असं म्हणाल्या नाहीत.
पिल्लू माझ्या कुशीत दिलं
आणि वीज येईपर्यंत पलंगाच्या कडेला बसून राहिल्या,
कोटाची बटणं चुकीच्या काजांत.

तेव्हापासून पाळण्याच्या गजांतून हात घालून
तिच्या पोटावर ठेवते आणि मग डोळे मिटते.
सकाळी हात बधिर झालेला असतो.
त्यालाही तोच शब्द.

आज सहावा आठवडा.
नदीवरचा बर्फ तडकलाय, म्हाताऱ्या बाया काठावर बघायला जमल्यात.
मी तिचे कपडे बदलत होते.
बाहीत तिचा अंगठा अडकला,
चेहरा चुरगळला,
दिवा लागायला सुरुवात झाली
आणि डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून
एक थेंब निघाला, कानाकडे.

मी लगेच पुसला नाही.
आधी अंगठा सोडवला.
मग जमिनीवर जोरात पाय आपटून
रेइनला बोलावलं,
तो आला, हाताला पीठ,
आणि मी एका हातानं म्हटलं:
बघ,
ही बोलतेय.